शोधाचे व्रत : डॉ. हरिभाऊ वाकणकर

(जागतिक वारसा सप्ताहानिमित्त झालेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते निवृत्त इतिहास-शिक्षक आहेत.)



संयोजकांनी मला ‘भारतीय पुरातत्त्व आणि आपण’ असा विषय सुचविला होता. मी त्यांना म्हटले, विषय सागराएवढा आणि वेळ ओंजळीएवढा. तेव्हा मला एकाच माणसाविषयी बोलू द्या. त्या माणसाच्या आयुष्यात हा सगळा विषय सामावलेला आहे. ते म्हणजे पद्मश्री डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, आप्तेष्टांचे आणि कार्यकर्त्यांचे हरिभाऊ.

आपल्यापैकी अनेकांनी त्यांचे नाव ऐकले आहे. ‘भीमबेटकाचा शोध लावणारे’ एवढी ओळख शालेय स्पर्धांच्या प्रश्नपत्रिकांतही असते. परंतु नाव माहीत असणे वेगळे आणि त्या नावामागची साधना समजून घेणे वेगळे. आपण थोर माणसांच्या तसबिरींना हार घालतो, त्यांच्या वाटेवर मात्र चार पावलेही चालत नाही. हे मी दुसऱ्या कोणाविषयी नव्हे, स्वतःविषयी बोलतो आहे. ते का, हे पुढे सांगेन.

माळव्याच्या मातीतील चित्रकार

हरिभाऊंचा जन्म ४ मे १९१९ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील नीमच येथे झाला. ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास या मराठी संस्थानांच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात रुजली. घरात मराठी, अंगणात माळवी आणि बाजारात हिंदी बोलत ही मंडळी त्या मातीची झाली. हरिभाऊ त्याच परंपरेतले. महाराष्ट्राला त्यांचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण त्यांची कर्मभूमी उज्जयिनी होती, हे आपण विसरू नये.

ते मुळात चित्रकार होते. उज्जैनला त्यांनी ‘भारती कला भवन’ ही कलासंस्था स्थापन केली. पुढे विक्रम विद्यापीठाच्या पुरातत्त्वकार्याशी ते निगडित झाले. बालपणापासूनचे संघाचे संस्कार त्यांच्या वृत्तीत मुरलेले होते. १९८१ मध्ये ‘संस्कार भारती’ची स्थापना झाली, तेव्हा तिचे संस्थापक महामंत्रिपद त्यांच्याकडे आले. चित्रकला, संशोधन आणि संघटन हे त्यांच्या जीवनाचे तीन वेगळे कप्पे नव्हतेच. चित्रकाराची नजर होती म्हणून त्यांना शिळेवरची पुसट रेषा दिसली. स्वयंसेवकाची भटकंतीची सवय होती म्हणून ते त्या शिळेपर्यंत पोहोचले. आणि पोहोचल्यावर नोंद करण्याची शिस्त होती म्हणून त्या भटकंतीचे शास्त्र झाले.

आगगाडीच्या खिडकीतून

भीमबेटकाच्या शोधाची कथा आपण ऐकलेली असेल. वर्ष १९५७. हरिभाऊ आगगाडीने प्रवास करीत होते. भोपाळच्या दक्षिणेस विंध्याच्या रांगांमध्ये त्यांना खिडकीतून काही विलक्षण आकाराचे वालुकाश्माचे कडे दिसले. त्याच गाडीतून त्या दिवशी शेकडो प्रवासी गेले असतील. तो डोंगर त्यांनाही दिसला असेल. पण त्यांनी तो पाहिला नाही. हरिभाऊंनी पाहिला आणि त्या कड्यांच्या दिशेने ते जंगलात शिरले. तेथे त्यांना मिळाली ती चित्रांनी भरलेली शैलाश्रयांची एक अखंड वसाहत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भीमबेटकाचा उल्लेख त्याआधी कागदावर झालाच नव्हता असे नाही. १८८८ मध्ये किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्थानिक वनवासींकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे त्या स्थानाचा उल्लेख केला होता. मात्र ते बौद्ध अवशेषांचे ठिकाण असावे अशी त्याची समजूत होती. त्याच्याही आधी, १८६७-६८ मध्ये, आर्चिबाल्ड कार्लाइल याने मिर्झापूरच्या डोंगरांत शैलचित्रे पाहिली होती. स्पेनमधील जगप्रसिद्ध अल्तामिरा गुहेतील चित्रे उजेडात आली १८७९ मध्ये. म्हणजे शैलचित्रांचा शोध भारतात युरोपच्या दशकभर आधी लागला; पण कार्लाइलने तो वेळीच प्रसिद्ध केला नाही आणि आपल्याकडे त्याचे महत्त्व ओळखणारे कोणी नव्हते. पुढेही अनेक दशके डी. एच. गॉर्डन यांच्यासारखे अभ्यासक मध्य भारतातील शैलचित्रांना फारसे प्राचीन मानायला तयार नव्हते.

या पार्श्वभूमीवर हरिभाऊंच्या कार्याचे मोल कळते. केवळ ‘पाहणे’ पुरेसे नव्हते. जे पाहिले त्याची नोंद, वर्गीकरण, उत्खनन आणि प्रकाशन करून ते विद्वज्जगतापुढे मांडणे आवश्यक होते. पुढची तीस वर्षे त्यांनी तेच केले.

थरांची भाषा

आज भीमबेटका आणि लगतच्या टेकड्यांवर सातशेहून अधिक शैलाश्रयांची नोंद आहे आणि त्यांपैकी चारशेहून अधिक आश्रयांत चित्रे आहेत. गेरूचा लाल आणि चुनखडीसारख्या द्रव्यांचा पांढरा हे प्रमुख रंग. क्वचित हिरवा आणि पिवळा. गवे, हरणे, हत्ती, रानडुकरे, शिकारी, फेर धरून नाचणारी माणसे आणि पुढच्या काळात घोडेस्वार व सैनिक. एकाच शिळेवर एका चित्रावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे शतकानुशतकांचे थर चढलेले आहेत.

यातले कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे? खालचे चित्र आधीचे, वरचे नंतरचे, हा पहिला नियम. कोणत्या चित्रात कोणते प्राणी आणि कोणती शस्त्रे आहेत, हा दुसरा धागा. आणि तिसरा, सर्वांत कष्टाचा मार्ग म्हणजे आश्रयाच्या जमिनीत उत्खनन करणे. माणूस जिथे राहतो तिथे त्याचा कचरा साठतो. दगडी हत्यारे, त्यांच्या कपच्या, हाडे, कोळसा, रंगाचे खडे हे सारे थरावर थर साचत जाते. पुरातत्त्ववेत्ता हे थर वरून खाली, पुस्तकाची पाने शेवटाकडून उलटावीत तसे, एकेक करून उलगडतो. एकही पान फाडता कामा नये, कारण ते पुन्हा चिकटवता येत नाही.

१९७०च्या दशकात हरिभाऊंनी भीमबेटका येथे उत्खनने केली. त्याच काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वीरेंद्रनाथ मिश्र यांनीही तेथे काम केले. त्यातून हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या पुराश्मयुगीन माणसापासून सूक्ष्म दगडी पाती वापरणाऱ्या मध्याश्मयुगीन माणसापर्यंत वस्तीची दीर्घ मालिका समोर आली. ज्या भूमीला आपण आपली म्हणतो, तिच्यावर माणसाने किती दीर्घ काळ घर केले आहे, याचा तो मातीत लिहिलेला दाखला होता.

या विषयावरील प्रबंधासाठी पुणे विद्यापीठाने त्यांना १९७३ मध्ये पीएच.डी. दिली. त्या वेळी त्यांचे वय चोपन्न होते. कीर्ती लाभल्यानंतरही विद्यार्थी होऊन परीक्षकांसमोर बसण्याची तयारी त्यांच्यात होती, हे तरुण मित्रांनी लक्षात घ्यावे. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स या अमेरिकन अभ्यासकासमवेत लिहिलेला त्यांचा भारतातील अश्मयुगीन चित्रकलेवरील ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. तो दिवस पाहायला मात्र हरिभाऊ नव्हते.

कायथा : एक टेकाड, चार हजार वर्षे

भीमबेटकाच्या प्रकाशझोतात हरिभाऊंचे दुसरे मोठे काम झाकले जाते. उज्जैनच्या पूर्वेस सुमारे पंचवीस किलोमीटरवर छोटी कालीसिंध नदीच्या काठी कायथा नावाचे गाव आहे. ज्योतिर्विद वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, असे मानले जाते. या गावच्या टेकाडावर हरिभाऊंनी १९६०च्या दशकाच्या मध्यास विक्रम विद्यापीठातर्फे उत्खनन केले.

तळाशी जी संस्कृती मिळाली ती तोवर कोणालाच ठाऊक नव्हती. चॉकलेटी रंगाचा लेप दिलेली, त्यावर जांभळट रेषांनी नक्षी काढलेली भक्कम खापरे, साच्यात ओतलेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी, तांब्याच्या बांगड्या, अकीक आणि कार्नेलियन मण्यांच्या माळा, आणि एका भांड्यात सुमारे चाळीस हजार बारीक मणी. इसवी सनापूर्वी सुमारे २४०० ते २००० या काळातली ही वसाहत. सिंधू-सरस्वती खोऱ्यात नगरे नांदत होती, त्याच काळात माळव्याच्या काळ्या मातीत एक स्वतंत्र शेतकरी संस्कृती उभी होती. अभ्यासक आज तिला ‘कायथा संस्कृती’ याच नावाने ओळखतात.

यानंतर घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९६८ मध्ये त्याच टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी विक्रम विद्यापीठाच्या सहकार्याने पुन्हा उत्खनन केले आणि १९७५ मध्ये त्याचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध झाला. स्वतःच्या शोधाच्या जागी दुसऱ्यांची कुदळ चालू देणे सोपे नसते. संशोधनाचा मोठेपणा त्यात आहे. ‘मी सांगतो म्हणून खरे’ असे शास्त्रात चालत नाही. ‘तुम्हीही खणा आणि पाहा’ असे म्हणावे लागते.

ही चित्रे कोणाची?

बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या शाळेतील मुलांची सहल भीमबेटकाला नेली होती. एका शैलाश्रयात हातात हात गुंफून नाचणाऱ्या माणसांचे चित्र मी दाखवीत होतो. एका मुलाने विचारले, “सर, ही आपल्या पूर्वजांनी काढली की आदिवासींच्या?” प्रश्न निरागस होता. पण त्या ‘आपल्या’ आणि ‘आदिवासींच्या’ या दोन शब्दांत जी दरी होती, ती त्या मुलाने तयार केलेली नव्हती. ती आपण मोठ्यांनी त्याला दिली होती.

मला पटकन उत्तर सुचेना. आमच्याबरोबर जवळच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ वाट दाखवायला आले होते. ते शांतपणे म्हणाले, “मास्तरसाब, हमारे यहाँ त्योहार में औरतें दीवार पर ऐसा ही बनाती हैं.” आणि त्यांनी बोटाने हवेत तोच फेर काढून दाखविला.

पुढे मला कळले की युनेस्कोने भीमबेटकाला वारसा स्थळ म्हणून मान्यता देताना हीच गोष्ट नमूद केली आहे. परिसरातील एकवीस गावांच्या आजच्या सांस्कृतिक परंपरा शैलचित्रांतील जीवनाशी मिळत्याजुळत्या आहेत, असे तिथे म्हटले आहे. जग ज्याला वारसा म्हणते, त्याचे जिवंत वारसदार त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहतात. किंकेडला १८८८ मध्ये त्या जागेचा पत्ता कोणी दिला? वनवासींनी. आपण ‘शोध लागला’ म्हणतो तेव्हा जागा हरवलेली नसते. हरवलेले असते ते आपले लक्ष. समरसतेवर आपण भाषणे पुष्कळ करतो. पण गोंड-कोरकू बांधवांच्या पूर्वजांचा इतिहास हा आपल्या इतिहासाचा पहिला अध्याय आहे, परिशिष्ट नव्हे, हे मुलांच्या मनावर बिंबवले तर ती समरसता खऱ्या अर्थाने सुरू होईल.

अभिमान आणि पुरावा

आता मघाशी सांगितलेल्या माझ्या कबुलीकडे येतो.

तरुणपणी मी उत्साहाने ठिकठिकाणी बोलत असे. एका भाषणात मी ठोकून दिले की भीमबेटकाची सगळी चित्रे तीस हजार वर्षांची आहेत आणि सरस्वतीविषयीचा प्रत्येक प्रश्न आता कायमचा सुटला आहे. टाळ्या पडल्या. भाषणानंतर एक निवृत्त अभियंता जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, आपण सांगितले ते कोठे वाचायला मिळेल?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी कोणाकडून तरी ऐकले होते आणि पुढे सांगितले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांनी आयुष्य मोजमापात घालविले, त्यांच्या नावाने मी ऐकीव गोष्टी वाटत होतो.

वस्तुस्थिती काय आहे? काही हिरव्या रंगातील नर्तकांची चित्रे उत्तर पुराश्मयुगातील असावीत, असे हरिभाऊंचे मत होते. परंतु भीमबेटकाच्याच चित्रांवर डेक्कन कॉलेजमध्ये प्रबंध लिहिणारे चित्रकार-संशोधक यशोधर मठपाल यांचा निष्कर्ष वेगळा निघाला. सर्वांत जुनी चित्रे मध्याश्मयुगीन आहेत, असे त्यांनी मांडले. आज बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. यात हरिभाऊंचा पराभव आहे काय? मुळीच नाही. त्यांनी चर खणला, नोंदी ठेवल्या, मत मांडले, म्हणूनच मठपालांना त्यावर वाद घालता आला.

त्याच भीमबेटकातले अगदी अलीकडचे उदाहरण पाहा. २०२१ मध्ये काही परदेशी आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी तेथील एका गुहेच्या छताजवळ ‘डिकिन्सोनिया’ या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांत मथळे झळकले. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी जागेवर जाऊन तपासले, तेव्हा तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा अवशेष निघाला. मूळ दावा करणाऱ्यांनीही ती चूक मान्य केली. चूक होणे लाजिरवाणे नाही. चूक दाखविल्यावरही तिला कवटाळून बसणे लाजिरवाणे आहे.

सरस्वतीच्या बाबतीतही हेच. १९८५ मध्ये मा. मोरोपंत पिंगळे यांच्या प्रेरणेने निघालेल्या वैदिक सरस्वती शोध अभियानात हरिभाऊंनी हरियाणातील आदिबद्रीपासून सौराष्ट्रातील सोमनाथापर्यंतचा सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास केला. उपग्रहचित्रे, जुन्या पात्रांच्या खुणा, टेकाडांवरची खापरे आणि लोककथा, असे सारे एकत्र ठेवून पाहण्याची ती दृष्टी होती. त्या प्रश्नाने नंतरच्या पिढीतील भूशास्त्रज्ञांनाही कामाला लावले. घग्गर-हाक्राच्या पात्रातून एकेकाळी हिमालयातून येणारे मोठे पाणी वाहत होते, हे आज निश्चित आहे. ते केव्हा आटले, यावर मात्र मतभेद आहेत. आय.आय.टी. कानपूर आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये असे मांडले की सतलजने ते पात्र हडप्पाकालीन नगरांच्या कितीतरी आधी सोडले होते. २०१९ मधील दुसऱ्या एका भारतीय अभ्यासाने, नदी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत बारमाही होती, असे सांगितले. हा विषय संपलेला नाही. आपल्या बाजूचा निष्कर्ष तेवढा उचलून दुसरा लपविणे हे हरिभाऊंच्या वाटेवरचे चालणे नव्हे.

मित्रहो, पूर्वजांचा अभिमान हा आपला हक्क आहे. पण अभिमान हे गृहीत असेल तर तो पोकळ राहतो. अभ्यासाचे फळ असेल तर तो टिकतो. आपली संस्कृती खरोखर प्राचीन आहे असा आपला विश्वास असेल, तर पुराव्याची भीती आपल्याला का वाटावी?

आपले काम

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूर येथे हरिभाऊंचे निधन झाले. त्यांचे सहकारी सांगत की अखेरच्या दिवशीही ते खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचे रेखाचित्र काढीत होते. आगगाडीच्या खिडकीतून सुरू झालेले ते पाहणे शेवटच्या खिडकीपर्यंत थांबले नाही.

मग आपण काय करावे? सगळ्यांनी पुरातत्त्ववेत्ते व्हावे असे मी म्हणत नाही. परंतु तीन साध्या गोष्टी प्रत्येकाच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, जे आहे ते सांभाळावे. सहलीला गेल्यावर हजारो वर्षांच्या शिळेवर खडूने, कोळशाने किंवा खिळ्याने स्वतःचे नाव लिहिणारी मुले आपल्याच घरांतून येतात. चित्र नीट दिसावे म्हणून त्यावर पाणी शिंपडणारे सुशिक्षितही मी पाहिले आहेत. त्या पाण्याने चित्राचे आयुष्य घटते. मुलांना हे घरीच सांगा.

दुसरी गोष्ट, आपल्या परिसराकडे डोळे उघडून पाहावे. कोकणात रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवर जांभ्यात कोरलेली कातळशिल्पे गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी शोधकांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांच्या नोंदी केल्या. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सातपुड्यात धारूळजवळचे अंबादेवीचे चित्रांकित शैलाश्रय २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्गप्रेमींना मिळाले. यांपैकी कोणाला पुरातत्त्व खात्याचा पगार नव्हता. पण जिथे जांभ्याची खाण सुरू होते किंवा रस्त्याचे यंत्र चालते, तिथे एका दिवसात हजारो वर्षांचा वारसा नाहीसा होऊ शकतो. वेळेवर केलेली नोंद, छायाचित्र आणि तहसील कार्यालयात दिलेला एक अर्ज यांचे मोल त्या वेळी कळते.

आणि तिसरी गोष्ट, बोलण्याआधी वाचावे. मंचावरून एक वाक्य उच्चारण्यापूर्वी ‘हे कोठे वाचायला मिळेल?’ असे विचारणारा तो निवृत्त अभियंता समोर बसला आहे, असे समजावे. मी तेव्हापासून तसेच समजतो. ते गृहस्थ आता हयात नाहीत. पण माझ्या प्रत्येक व्याख्यानात पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी राखून ठेवतो. आजही ठेवली आहे.

हरिभाऊंचे स्मरण करताना त्यांच्या नावाचा जयघोष आपण जरूर करू. पण येत्या रविवारी आपल्यापैकी चारजण मुलांना घेऊन जवळच्या एखाद्या टेकाडावर, लेण्यात किंवा सड्यावर गेले, तिथल्या एखाद्या वृद्धाशी बोलले आणि परत येऊन वहीत दोन पाने लिहिली, तर त्यांना तो अधिक आवडला असता.